किल्ल्याच्या सावलीतून शाळेच्या अंगणात

आंतोनियु बोकारु या पोर्तुगीज इतिहासकाराने १६३५ साली पूर्वेकडच्या पोर्तुगीज किल्ल्यांचं आणि वसाहतींचं एक मोठं पुस्तक लिहून पुरं केलं. त्यातले नकाशे पेद्रु बार्रेतु द रेझेंदी याचे. मोझांबिक, मस्कत, दीव, गोवा, मलाक्का अशा नावाजलेल्या ठाण्यांच्या रांगेत त्या पुस्तकात डहाणूही आहे. सोबत संजाण, तारापूर, अशेरी, मनोर आणि केळवे-माहीम हे शेजारी आहेत. आजचा पालघर जिल्हा आणि त्याला लागून असलेला गुजरातचा किनारा तिथे ठाण्याठाण्याने उभा आहे.

डहाणू-तलासरीतल्या छोट्या चर्चची वंशावळ विचारली, की जाणकार माणूस सहसा वसईच्या किल्ल्याकडे बोट दाखवतो. ते बरोबरच आहे. पण वसईच्या पडक्या कमानींपासून तलासरीच्या पाड्यावरच्या कौलारू प्रार्थनाघरापर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. मध्ये एक लढाई आहे, जवळजवळ दीडशे वर्षांची ओहोटी आहे, आणि मग सर्वस्वी वेगळ्या वाटेने झालेली सुरुवात आहे. या साऱ्या प्रवासात मला एक धागा दिसतो, तो म्हणजे चर्चचा शेजार. चर्च कुणाच्या आधाराला उभं राहिलं, यावर त्याच्या भिंतींची जाडी, खिडक्यांची उंची, दरवाजाचं तोंड, वेदीची जागा हे सगळं ठरत गेलं. पहिलं चर्च किल्ल्याच्या आधाराने उभं राहिलं, आजचं शाळेच्या आधाराने उभं आहे. या बदलाचा हा मागोवा.

किल्ल्याचा शेजार

उत्तर कोकणात ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांच्याही आधी येऊन गेला होता. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले आणि जोर्दानुस नावाच्या डोमिनिकन धर्मगुरूने त्यांना सोपाऱ्यात पुरलं, ही हकीकत युरोपात पोहोचली होती. पण त्या काळाची एकही भिंत आज उभी नाही. इमारत म्हणून चर्चचा इतिहास इथे सुरू होतो तो १५३४ पासून. त्या वर्षीच्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई आणि तिचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. पुढे १५५९ मध्ये दमण त्यांच्या हाती आलं. डहाणू, तारापूर, संजाण ही ठाणी दमणच्या कारभाराखाली गेली. डहाणूचं नातं दक्षिणेला वसईशी आणि उत्तरेला दमणशी असं दोन्हीकडे होतं, आणि पुढे धर्माच्या कारभारातही ते तसंच राहिलं.

त्या काळी किनाऱ्यावर राहायचं तर तटबंदी लागे. पोर्तुगीज वस्तीची घडण ठरलेली होती. खाडीच्या मुखाशी किल्ला, आत दारूगोळ्याचं कोठार, कप्तानाचं घर, विहीर, आणि त्यांच्या जोडीला चर्च. संकट आलं की आसपासची माणसं आत येत. अशा ठिकाणचं चर्च प्रार्थनेची जागा होतं तसं प्रसंगी शेवटचा आसराही होतं. त्यामुळे भिंती जाड, खिडक्या उंचावर आणि लहान. दरवाजा मात्र मोठा, कारण मिरवणुकीत मूर्तीचा मखर त्यातून बाहेर पडायचा असे. घंटेचा मनोरा मिस्साची वेळ सांगे आणि समुद्रावर अनोळखी शीड दिसलं तर धोक्याचीही वर्दी देई.

ही भीती पोकळ नव्हती. मे १६१८ मध्ये वसईच्या किनाऱ्यावर भयंकर वादळ आलं. त्याने चर्चची छपरं उडवली, झाडं मुळापासून उपटली. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी वसईजवळ उतरून तटाबाहेरची चर्चं लुटली. तटाच्या आतली वाचली, बाहेरची गेली. गावातल्या चर्चला तटाचा आधार नव्हता, म्हणून प्रत्येक संकटाचा पहिला तडाखा त्यालाच बसला. तटाआड उभी असलेली इमारत आणि उघड्यावर उभी असलेली इमारत यांच्या इतिहासात हा फरक पुढेही वारंवार दिसतो.

या चर्चचं रूपही इथे घडलं. वसईच्या किल्ल्यातलं जेझुइटांचं चर्च किंवा सेंट जोसेफचं कॅथिड्रल पाहिलं, की त्यातलं तत्त्व समोर येतं. दर्शनी भिंत उंच, सपाट आणि सजवलेली. तिच्यावर खांबांच्या जोड्या, कोनाडे, वर वळणदार खांदे आणि टोकाला क्रूस. या भिंतीमागे मात्र साधा लांबट दिवाणखाना, त्यावर सागाच्या कैच्या आणि कौलं. दिवाणखान्याच्या टोकाला मोठी कमान, कमानीपलीकडे वेदीचा गाभारा, आणि त्याच्यावर बहुधा आडव्या पिंपासारखं अर्धगोल दगडी छत. वेदीमागे लाकडी कोरीवकामाचा उंच पडदा आणि त्यावर सोन्याचा मुलामा. म्हणजे खर्च झाला तो दोन टोकांना : रस्त्यावरून दिसणाऱ्या तोंडावर आणि भाविकांच्या नजरेसमोरच्या वेदीवर. मधला भाग गावाच्या ऐपतीप्रमाणे. हे गणित खेड्याला परवडणारं होतं, म्हणून ते टिकलं. पुढच्या तीनशे वर्षांत वसई तालुक्यातल्या गावागावांत चर्चं पुन्हा बांधली गेली, मोठी झाली, पण समोर सजलेली भिंत आणि मागे साधा दिवाणखाना हा आराखडा फारसा सुटला नाही.

या रूपाची मूळ कल्पना युरोपातली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर, म्हणजे १५६३ नंतर, कॅथलिक चर्चमध्ये वेदी सर्वांना दिसली पाहिजे आणि प्रवचन सर्वांना ऐकू गेलं पाहिजे यावर भर आला. रोमचं जेझू चर्च १५६८ मध्ये बांधायला घेतलं गेलं आणि एका मोकळ्या दिवाणखान्याचा तो नमुना जगभर गेला. नमुना रोमचा असला तरी हात इथले होते. दगड फोडणारे पाथरवट, चुन्याची घाणी फिरवणारे मजूर, कैच्या जोडणारे सुतार हे याच किनाऱ्यावरचे. शिंपल्या भाजून चुना करायचा, वाळूबरोबर तो दिवसचे दिवस मळायचा आणि थराथराने लावायचा, हे ज्ञान त्यांच्याकडे होतं. खिडक्यांना काचेऐवजी पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांची तावदानं बसत. बाहेरचं ऊन त्यातून गाळून, दुधाळ होऊन आत येई.

इथला साग आणि वसईचा दगड

डहाणूच्या अंगाने या इतिहासात एक गोष्ट विशेष आहे. हा मुलूख तेव्हा जंगलाचा होता. अशेरी, मनोर आणि डहाणूमागचे डोंगर सागाने भरलेले होते. पोर्तुगिजांना अशेरीचा दुर्गम गड हवासा वाटला, त्यामागे हे लाकूड मोठं कारण होतं. वसईच्या गोदीत जहाजं बांधली जात आणि त्यांना सागाच्या लांबलचक सोटांची भूक असे.

वसईचा काळा दगडही असाच लांब गेला. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेचा दर्शनी भाग वसईकडून नेलेल्या काळ्या दगडात घडवलेला आहे. गोव्याचा जांभा मऊ, त्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही, म्हणून समुद्रमार्गे हा कठीण दगड नेला. १९८६ मध्ये गोव्यातली चर्चं जागतिक वारशाच्या यादीत गेली. उत्तर कोकणातल्या खाणींचा आणि अनाम पाथरवटांचा त्यात वाटा आहे, हे पालघर जिल्ह्यातल्या माणसाने अभिमानाने सांगावं असं आहे.

त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. किल्ल्याच्या काळात डहाणूमागच्या जंगलात राहणारा वारली आणि कोकणा माणूस या सगळ्यात फक्त लाकूड तोडणारा आणि वाहणारा राहिला. जहाज त्याचं नव्हतं, किल्ला त्याचा नव्हता, चर्चही त्याचं नव्हतं. चर्चची वस्ती किनाऱ्याच्या अरुंद पट्टीत होती. तिथून काही कोसांवर, आजच्या तलासरीच्या बाजूला, देवाला इमारत लागतच नव्हती. वारली समाजाचा वाघदेव वाघ, सूर्य, चंद्र कोरलेल्या लाकडाच्या किंवा दगडाच्या रूपात उघड्यावर, झाडाखाली असतो. लग्नघरात पालघट देवी भिंतीवरच्या चौकात तांदळाच्या पिठाने रेखली जाते आणि ते लग्न पार पडेपर्यंत ते घरच देवाचं होतं. पवित्र जागा म्हणजे बांधलेली इमारत, ही कल्पना या भागात फार उशिरा आली, आणि ती किल्ल्याकडून आली नाही.

१७३९ : भिंती पडल्या, चालतं-बोलतं उरलं

१७३९ च्या सुरुवातीला चिमाजी अप्पांच्या मोहिमेने उत्तरेकडची पोर्तुगीज ठाणी एकामागून एक घेतली. माहीम, तारापूर, डहाणू, अशेरी. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेटरेकर पडले. मग फेब्रुवारी ते मे असा वसईचा वेढा चालला आणि मे महिन्यात वसईने शरणागती पत्करली. दोनशे वर्षं किल्ल्याच्या आधाराने उभ्या असलेल्या चर्चचा आधारच गेला. पोर्तुगीज धर्मगुरू आणि घराणी निघून गेली. किल्ल्यातल्या चर्चांची छपरं कोसळली, लाकूड गेलं, दगड राहिले. वसईत ते आजही पाहता येतात.

काय उरलं आणि काय गेलं, याचा हिशेब मांडला तर एक नियम दिसतो. जे उचलून नेता येत होतं ते जगलं. चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि आपल्या देवळांत बांधल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा १७२१ सालची आहे. वाईजवळ मेणवलीला घाटावरच्या देवळात १७०७ सालची घंटा आहे. तिच्यावर मेरीमाता आणि बाळ येशू आहेत. भीमाशंकरलाही अशीच अठराव्या शतकातली घंटा टांगलेली आहे. कांस्याचा ओतीव गोळा, त्यावर क्रूस आणि रोमन अक्षरं, आणि ती वाजवणारा हात महादेवाच्या भक्ताचा. लढाईत लुटून आणलेली वस्तू देवापुढे वाहिली गेली आणि त्यामुळेच वितळून तोफ होण्यापासून वाचली. उत्तर कोकणातल्या चर्चांच्या वारशाचा एक मोठा भाग असा महाराष्ट्राच्या देवळांत सुखरूप आहे.

दुसरी चालती वस्तू म्हणजे गाणं. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, हे मराठी वाचकाला ठाऊक असतं. त्या मानाने फ्रान्सिस्कु वाझ द गिमारायंश याचं १६५९ चं पुराण कमी ठाऊक आहे. ते उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती लोकांच्या बोलीत रचलेलं आहे, येशूच्या जीवनाची आणि यातनांची कथा सांगणारं. उपवासकाळात ते गायलं जाई. एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, म्हणजे चर्चच्या भिंती पडून शंभर वर्षं झाल्यावरही ते गाणारी माणसं होती. धर्मगुरू क्वचित यायचा, अशा गावांत क्रूसापुढे जमून प्रार्थना होत असे. वसई-मुंबई पट्ट्यातल्या गावांच्या वेशीवर, वाटेवर, घरांच्या अंगणात चौथऱ्यावर उभे असलेले दगडी-लाकडी क्रूस आजही दिसतात. ते म्हणजे छप्पर नसलेलं चर्च. वादळ आलं तरी त्याचं उडायचं काही नसे.

याच भागात पारशांच्या इराणशहा अग्नीची याहून जुनी कथा आहे. संजाण पडल्यावर तो पवित्र अग्नी बाहरोटच्या डोंगरातल्या लेण्यांत बारा वर्षं जपला गेला, असं पारशी परंपरा सांगते. हा डोंगर बोर्डी-तलासरीच्या हद्दीतच आहे. किनाऱ्यावर सत्ता बदलली की इमारत गमवायची आणि जपण्यासारखं पाठीवर घेऊन डोंगराकडे चालू लागायचं, हा धडा इथल्या एकाहून अधिक समाजांना गिरवावा लागला.

दमण, मुंबई, वसई

वसईच्या आसपास ख्रिस्ती समाज मूळ धरून राहिला. उत्तरेकडे मात्र तो विरळ होत गेला. १८१८ नंतर सगळा मुलूख इंग्रजांकडे आला, तरी धर्माच्या कारभारावर पोर्तुगालच्या राजाचा जुना हक्क चालूच होता. पोप आणि पोर्तुगाल यांच्यात १८८६ मध्ये करार होऊन दमणचा नवा धर्मप्रांत निर्माण झाला आणि साष्टी-वसईसह उत्तर कोकणातले धर्मग्राम त्याकडे गेले. त्याच सुमारास, १८८७ मध्ये, मुंबई-ठाण्याच्या स्थानिक ख्रिस्ती लोकांनी ईस्ट इंडियन हे नाव घेऊन आपली संघटना काढली. दमणचा धर्मप्रांत फार टिकला नाही. १९२८ मध्ये तो संपला आणि ब्रिटिश हद्दीतले धर्मग्राम मुंबईच्या महाधर्मप्रांताला जोडले गेले. २२ मे १९९८ ला मुंबईतून वसई धर्मप्रांत वेगळा झाला. आज डहाणू आणि तलासरीची चर्चं वसईच्या बिशपांच्या अधिकारात आहेत. कप्तानाच्या काळात दमणकडे पाहणारं डहाणू साडेचारशे वर्षांच्या फेऱ्यानंतर वसईकडे पाहू लागलं.

कागदावरच्या या बदलांचा इमारतींवर खोल परिणाम झाला. पोर्तुगालच्या हक्काखालच्या धर्मग्रामांचं लक्ष जुन्या ख्रिस्ती वस्त्यांवर होतं, म्हणजे किनाऱ्यावर. मुंबईच्या महाधर्मप्रांतात जेझुइटांकडे शाळा चालवण्याची मोठी परंपरा होती आणि त्यांची नजर किनाऱ्यापलीकडे आदिवासी पट्ट्याकडे गेली. १८६० च्या दशकात मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग झाला होता. डहाणू रोड स्टेशनभोवती खाडीपासून दूर नवं गाव वाढत होतं. चर्चची वाटचाल आता बंदराकडून न होता स्टेशनावरून आतल्या जंगलाकडे होणार होती.

शाळेचा शेजार

विसाव्या शतकात डहाणू-तलासरी हा शाळांचा आणि लढ्यांचा मुलूख झाला. बोर्डीत आचार्य भिसे यांनी शिक्षणाचं काम उभं केलं. बाळासाहेब खेरांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ काढलं. १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरीला वारल्यांची मोठी सभा झाली. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. त्याच वर्षी ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई वाघांनी आयुष्यभर चालवलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा पाड्यावर, अंगणात न्यायची, हा विचार इथे रुजला आणि पुढे देशभर गेला.

तलासरीचं जेझुइट मिशन याच मातीत उभं राहिलं. ज्ञानमाता सदन ही त्यांची शाळा आणि वसतिगृहं आदिवासी मुलामुलींसाठी आहेत. इथे चर्चचा शेजारी बदलला. अंगणाच्या एका बाजूला वर्ग, दुसरीकडे वसतिगृह, दवाखाना, भाजीचा मळा, आणि त्यांच्यामध्ये किंवा एका टोकाला प्रार्थनामंदिर. मिशनच्या केंद्राला जोडलेले दूरदूरचे पाडे असतात. तिथे छोटी प्रार्थनाघरं उभी राहतात. धर्मगुरू ठरावीक दिवशी येतो, बाकीचे दिवस शिकवणारे मास्तर आणि गावातली जाणती माणसं प्रार्थना चालवतात.

अशा इमारतीला तोफेची भीती नसते. तिला हवा हवी, उजेड हवा, आणि कमी पैशात जास्त माणसं मावणारी जागा हवी. म्हणून भिंती पातळ झाल्या, खिडक्या बसलेल्या माणसाच्या खांद्यापर्यंत खाली आल्या, बाजूला ओटी आली. बाकांऐवजी जमिनीवर बसायची पद्धत राहिली, कारण घरात आणि शाळेतही मुलं तशीच बसतात. आठवडाभर जिथे पाढे म्हटले जातात तिथे रविवारी मिस्सा होते, हे मिशनच्या खेड्यांत नेहमीचं आहे. जोतं उंच, कारण पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. छपराला उतार जास्त आणि पाखं लांब.

आदिवासी घराचं शहाणपणही याच गरजांतून आलं होतं. कारवीच्या काठ्या उभ्या रोवायच्या, आडव्या काठ्यांनी बांधायच्या, वरून माती आणि शेणाचा लेप, की कुडाची भिंत तयार. वर गवताचं किंवा पेंढ्याचं छप्पर. पाड्यावरचं प्रार्थनाघर याच कुडाचं बांधलं तर ते गावाला आपलं वाटतं, कारण दरवर्षी लिंपण करायचं कसं हे प्रत्येक घराला ठाऊक असतं. पुढे गवत गेलं आणि मंगळुरी कौल आलं. या कौलाची गोष्टही मिशनशी जोडलेली आहे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना काढला आणि तिथून हे खाचेचं, एकमेकांत अडकणारं, हलकं कौल पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरलं. प्रॉटेस्टंट मिशनच्या कारखान्यातून निघालेलं हे कौल हिंदू देवळावर, मशिदीवर, कॅथलिक चर्चवर आणि सरकारी शाळेवर सारख्याच निष्ठेने बसलं.

वेदी वळली

इमारत बदलण्याचा दुसरा मोठा हुकूम रोमहून आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ ला उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत उपासना करायला वाट मोकळी झाली. त्यानंतर वेदी भिंतीपासून सुटी करून पुढे आणली गेली. धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहू लागला. चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून ठरवलेली नाही, सर्व लोकांच्या आणि प्रदेशांच्या कलेला स्थान आहे, असंही त्या दस्तऐवजाने स्पष्ट केलं. ज्या समाजांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिचा मान राखावा, असंही त्यात आहे.

किल्ल्याच्या काळातल्या चर्चमध्ये सारा लांब दिवाणखाना दूरच्या वेदीकडे धावत होता. आता माणसं वेदीभोवती जमू लागली, तेव्हा लांबट आकाराची सक्ती उरली नाही. मुंबईत दादरचं पोर्तुगीज चर्च म्हणून ओळखलं जाणारं सॅल्व्हेशन चर्च चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात नव्याने रचलं. त्यात अंगणं, ओसऱ्या आणि मोकळी हवा हेच मुख्य घटक आहेत. मोठ्या वास्तुविशारदाने विचारपूर्वक जे ठिकाण गाठलं, तिथे गावातलं प्रार्थनाघर गरजेपोटी आधीच येऊन पोहोचलं होतं. तलासरीच्या बाजूला चौकात बसून वर्तुळाने जमण्याची सवय होतीच. तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती नाचणारी माणसंही गोलच फिरतात. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांच्या चित्रांनी हे वर्तुळ जगभर नेलं.

भूकंपाने विचारलेला प्रश्न

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धुंदलवाडीच्या आसपास जमीन पुन्हा पुन्हा हादरू लागली. १ फेब्रुवारी २०१९ च्या धक्क्याची तीव्रता ४.१ नोंदली गेली. माणसं घराबाहेर, तंबूंत झोपू लागली. भिंतींना तडे गेले. मोठा नाश झाला नाही, पण या भागातल्या प्रत्येक बांधकामाची परीक्षा सुरू झाली आणि ती अजून संपली आहे असं मानता येत नाही.

या परीक्षेत वंशावळीला थेट महत्त्व येतं. किल्ल्याच्या काळापासून चर्चने सजलेली दर्शनी भिंत वारशाने घेतली. छपरापेक्षा उंच, एकटी उभी, वर त्रिकोणी किंवा वळणदार माथा. जमीन हलली की असा मोकळा माथा पुढेमागे झुलतो आणि तोच आधी पडतो, मुख्य दरवाजावर. नेमकी त्या क्षणी माणसं त्याच दरवाजातून बाहेर धावत असतात. जुन्या पद्धतीच्या छपराला, कैच्यांना आणि भिंतीच्या माथ्याला लोखंडी पट्ट्यांनी एकत्र बांधणं, भिंतीच्या वरच्या कडेने सलग पट्टा देणं, दगड-मातीच्या जाड भिंतीत दोन थर जोडणारे आडवे दगड असल्याची खात्री करणं, हे उपाय फार खर्चिक नाहीत. दुसरीकडे कुडाची भिंत हलकी आणि लवचिक. ती वाकते, लेप गळतो, पण माणूस तिच्याखाली चिरडत नाही. किल्ल्याचा वारसा आणि पाड्याचा वारसा असे दोन्ही शेजारी शेजारी उभे असताना, दुसऱ्याकडे आपण गरिबीची खूण म्हणून पाहतो. जमिनीने मात्र त्याच्या बाजूने कौल दिला आहे.

जपायचं काय

वसईचा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. कायद्याच्या नजरेत शंभर वर्षांचं वय हा मोठा टप्पा. तलासरीकडची बहुतेक प्रार्थनाघरं त्या टप्प्याच्या अलीकडची. त्यांना ना शिलालेख, ना नामवंत वास्तुविशारद. धर्मग्राम वाढला, पैसे जमले, की जुनी इमारत पाडून काँक्रीटची मोठी बांधायची, हा निर्णय गाव सहज घेतं. गावाला दोष देता येत नाही. जागा पुरत नाही, छप्पर गळतं, आणि मोठ्या चर्चची हौस कुणाला नसते? शिवाय जुनं-नवं करत राहणं हाच या इमारतींचा स्वभाव. वसईतलं आजचं जवळजवळ प्रत्येक गावचर्च त्याच जागेवरच्या आधीच्या चर्चवर उभं आहे.

तरीही पाडण्याआधी काही कामं व्हावीत, असं मला मनापासून वाटतं. इमारतीचं मोजमाप घेऊन नकाशा काढला जावा. ओटीपासून कैचीपर्यंत छायाचित्रं काढली जावीत. हे प्रार्थनाघर कुणी बांधलं, लाकूड कुठून आलं, कौलं कधी चढली, कोणत्या पाड्याने किती दिवस श्रम दिले, हे वृद्धांकडून त्यांच्याच बोलीत लिहून घेतलं जावं. बाप्तिस्मा आणि लग्नाच्या जुन्या वह्या वाळवीपासून वाचवून त्यांच्या प्रती काढल्या जाव्यात. आदिवासी कुटुंबांच्या कितीतरी पिढ्यांची नावं शाळेच्या हजेरीपटाखेरीज फक्त तिथेच सापडतील. गाणी ध्वनिमुद्रित व्हावीत. जुनी घंटा नव्या इमारतीत टांगली जावी. आणि जिथे शक्य असेल तिथे जुनं प्रार्थनाघर पाडण्याऐवजी बालवाडी, वाचनालय किंवा गावबैठक म्हणून वापरात ठेवावं. भूकंपाच्या दृष्टीने ते मजबूत करून घेण्याची सोय आज आहे.

हे काम पुरातत्त्व खातं करेल म्हणून वाट पाहू नये. वास्तुविद्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी एका उन्हाळी सुट्टीत दोन तालुक्यांतली प्रार्थनाघरं मोजली, शाळांतल्या मुलांनी आपल्या आजी-आजोबांच्या आठवणी लिहिल्या, आणि धर्मप्रांताने तो साठा एका जागी ठेवला, तर दहा वर्षांनी डहाणू-तलासरीकडे आपल्या चर्चचा असा इतिहास असेल जो बोकारुच्या पुस्तकात नाही. बोकारुने किल्ले मोजले, तोफा मोजल्या, सैनिक मोजले. त्याने ज्यांना मोजलं नाही त्या जंगलातल्या माणसांनी पुढे आपल्या हातांनी चर्च बांधलं. त्यांची नावं लिहून ठेवणं हे आपल्या पिढीचं काम आहे, आणि ती नावं सांगणारे म्हातारे अजून आहेत तोवरच ते होण्यासारखं आहे.